दाराशी स्टूल

धुळ्याचं प्रशिक्षण आटोपून मृणाली सिस्टर दोंडाईचाजवळच्या आपल्या दवाखान्यात परतली, त्याच आठवड्यात रूपा आली. मनगट सुजलेलं. सोबत नवरा.

"पडनी ती," तोच म्हणाला.

बाईशी आधी एकटीशी बोलायचं, असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. मृणालीने नवऱ्याला केसपेपर काढायला पाठवलं, दार लोटलं, मनगटाला पट्टी बांधता बांधता हळूच विचारलं, "घरी कोणी मारतं का, ताई? सांगायची घाई नाही."

खिडकीतून निंबाच्या मोहराचा वास येत होता, हिरवा पडदा संथ हलत होता. रूपा खाटेवर आडवी झाली, भिंतीकडे वळली आणि बघता बघता झोपून गेली.

असं झालं तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. मृणाली स्टूल ओढून दाराशी बसली. नवऱ्याने दोनदा दार वाजवलं.

"तपासणी चालू आहे. बाहेर थांबा."

तासाभराने रूपाने डोळे उघडले.

"सिस्टर, लगीन झाल्यापासून आज पहिल्यांदा दाराकडे पाठ करून झोपले," ती म्हणाली. "आता विचारा. सांगते."