एकच लुची

मैदा वर्ज्य केल्याला सात महिने झाले, तेव्हा कुठे डॉक्टरांनी शिवतोषबाबूंना रविवारी एका लुचीची मुभा दिली. मैद्याची ती पांढरीशुभ्र, टम्म फुगलेली पुरी ताटात पडली आणि खाण्याआधीच ती संपण्याचे भय त्यांना वाटू लागले.

"शेफाली, एकच लुची शत्रूला वाढतात. आपल्यात निदान दोन वाढायची रीत आहे."

"ती रीत डॉक्टरांना सांगा. इथे एकच मिळेल."

"बरं, मग या घे दोन!" असे म्हणून त्यांनी लुचीचे दोन तुकडे केले, परंतु दोन तुकडे म्हणजे दोन लुच्या नव्हेत, हे त्यांनाही कळत होते. हार मानून त्यांनी एक तुकडा पत्नीच्या हातावर ठेवला. "घे. शत्रुत्व निम्मं-निम्मं."

शेफालीने तो तोंडात घातला, डोळे मिटले आणि बराच वेळ ती चावायचेच विसरली.

"काय गं, बिघडली का?"

"नाही हो. चवच विसरले होते."

"तू कशी विसरशील? पथ्य तर माझं होतं!"

"मग मी काय तुमच्यासमोर बसून लुच्या झोडणार होते?"