छत्रीची भूक

"माणसाने अंतर नावाची गोष्टच विश्वातून हद्दपार केली आहे!" असं मंत्रिमहोदयांनी रेडिओवर जाहीर केलं, तेव्हा परभणीच्या मंदाकिनीबाई कूलर बंद करत होत्या. घराला रोज मोजून वीज मिळे, आणि छपरावरची इंटरनेटची छत्री चालवायची तर कूलर आणि फ्रिज दोन्ही बंद ठेवावे लागत. दर रविवारी हेच.

"जावयासारखी आहे ही," त्यांचे यजमान दिगंबरराव घाम पुसत म्हणाले. "नुसती वर बसून खायलीय."

"निदान लेकीची खुशाली तरी सांगते."

लेक शर्वरी चंद्रावरच्या वसाहतीत कामाला होती. दिवाळीला परत येणार की आणखी काही वर्षं तिथेच राहणार, हे ती आज सांगणार होती. पडद्यावर ती दिसली मात्र, आणि बाईंना विचारायचा धीरच होईना. त्या दुसरंच बोलत सुटल्या.

"काय सांगू बाई, दही आंबलं. तुझे बाबा बनियनवर बसलेत. तुझ्याशी बोलायचं म्हणजे घराची भट्टी होते बघ!"

 शर्वरीचे ओठ निळसर दिसत होते. पडद्याचा रंग पुन्हा बिघडला, असं बाईंना वाटलं.

"आणि यंदा कैऱ्या इतक्या महाग..."

"आई," शर्वरी हळूच म्हणाली, "दिवाळीला येतेय मी. कायमची. फक्त आता जरा लवकर आवरतेस का? इकडे छत्री लावली की हवेचा पंप बंद ठेवावा लागतो."