टेबलाखालचं बटण

पेशंटच्या भावाने सलाइनचा स्टँड उगारला, तेव्हा कॅज्युअल्टीतल्या सिस्टरने टेबलाखालचं बटण दाबलं. दाबतच राहिली. कोणी फिरकलं नाही. शेवटी त्याच्या म्हाताऱ्या आईनेच त्याला मागे ओढलं. तोवर सिस्टरच्या कपाळाला खोक पडली होती. मागच्या मारहाणीनंतर ती नोकरी सोडायला निघाली, तेव्हा मेट्रनबाईंनी हाताला धरून हे बटण दाखवलं होतं. "दाबलंस की गार्ड धावत येतील. माझा शब्द!" त्या शब्दावर ती थांबली होती. आता बटण तपासायला आलेला वायरमन टेबलाखालून मान खाली घालूनच बाहेर आला. "सिस्टर, याला वायरच नाही. नुसतं चिकटवलंय." तिने मेट्रनबाईंकडे पाहिलं. बाई तिच्या कपाळावरची पट्टी सारखी करू लागल्या. "अगं, तुम्हा मुलींना धीर यावा म्हणून बसवलं होतं." सिस्टरने त्यांचा हात झटकला. "धीर आला होता, बाई. माणूस नाही आला."