एकाच ठिपक्यात

चौऱ्याहत्तर साल. आकाराम म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीतून विद्यापीठात गेलेला पहिलाच पोरगा. भूगोलाच्या परीक्षेसाठी त्यानं विटा-कडेगाव भागाचा नकाशा हातानं काढला आणि सुट्टीत हौसेनं चावडीवर दाखवायला आणला. पायरीखालीच उभं राहून त्यानं तो वर धरला.

सरपंच लालासाहेबांनी चष्मा लावला. "ह्यात आपलं गाव कुठं हाय रं?"

आकारामनं काळ्या शाईचा एक ठिपका दाखवला. सरपंच लय खूश झाले.

"आन् तुमची वस्ती?"

"ती बी त्यातच आली की, पाटील. नकाशात एका गावाला एकच ठिपका असतोय."

सरपंचांनी चष्मा काढला. "आमी आन् तुमी एकाच ठिपक्यात?"

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या बायकांना उसात भांगलायला कुणी बोलवेना. गिरणीवाल्यानं दळणाचे डबे तसेच परत पाठवले. आठवडाभरानं आकारामच्या बापानं दाढीचं पातं आणून त्याच्या हातात ठेवलं. "खरवड बाबा त्यो ठिपका. दोन कर."

आकारामनं दोन केले. मधी चांगली मोकळी जागाही सोडली.

परीक्षेला पुण्याहून आलेल्या सरांचं बोट नेमकं तिथंच थांबलं. "एका गावाला दोन ठिपके? आणि मध्ये एवढं अंतर?"

लाल पेन्सिलीनं गुण कापत ते हसले.



"तू कधी गाव पाहिलंयस का रे?"