तिपेडी

पहिला पेड
पंधरा ऑगस्टच्या सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओट्यावर आया ओळीनं बसल्या होत्या. लेझीम खेळणाऱ्या पोरींच्या वेण्या घालायचं काम दरवर्षी त्यांचंच. हणमंतानं लेकीला त्यांच्यापुढं उभं केलं.
“हिची तेवढी घालता का? नाहीतर केस कापूनच टाकतो. हिची आई गेल्यापासून रोज सकाळी रडारड.”
कात्री खिशात आणलीच होती त्यानं. लेक दोन्ही मुठींत केस धरून उभी.

दुसरा पेड
“आज आम्ही घालू. उद्या कोण घालणार?” ओळीतली रशिदाभाभी जरा सरकली. “बसा भाऊ इथं.”
हणमंत पोरीला पुढ्यात घेऊन बसला. गुरांची दावी वळणारे हात ते. पहिलाच पीळ असा आवळला की पोरगी किंचाळली.
“अहो, म्हैस नाही बांधायची!”
ओटाभर हसू फुटलं. पोरगीही हसली. किती महिन्यांनी.

तिसरा पेड
भाभी शेजारी स्वतःच्या मुलीच्या केसांवर सावकाश दाखवत गेली. तो बघत, चुकत, सोडून पुन्हा घालत राहिला. कुणी घाई केली नाही. वेणी जमली; जरा तिरकीच. लेकीनं ती चाचपली, पुढं ओढून पाहिली आणि लेझीम घ्यायला धावली.

रिबीन
हणमंताला भाभीचे आभार मानायचे होते. त्यानं खिशातली कात्री काढून भाभीपुढं ठेवली.
“रिबिनी कापायला होईल.”
“होईल की,” म्हणत भाभीनं पुढची पोर त्याच्यासमोर बसवली. “हिची जरा सैल घाला.”