आईच्या आज्ञा

"कृपया मला पाणी द्यावे," उशाशी ठेवलेला स्पीकर म्हणाला, आणि वत्सलाबाईंनी तोंड फिरवलं.

पक्षाघाताने वाचा गेल्यावर त्यांच्या मेंदूत चिप बसवली होती. मनात आणलेलं अक्षर समोरच्या पडद्यावर उमटे, पण दोन-तीन अक्षरांतच त्या दमत. म्हणून त्यांच्या प्रोग्रामर मुलीने, शाल्मलीने, छोट्या कमांड लिहून दिल्या होत्या. 'पा' मनात आणलं की स्पीकर पूर्ण वाक्य बोले. तरी आई त्या फारशा वापरत नसे. तहानलेली राही.

"काय चुकलं गं माझं?" शाल्मलीने शेवटी विचारलं आणि कमांडची फाइल आईसमोरच्या पडद्यावर उघडली. "तूच बदल."

दमत, थांबत वत्सलाबाईंनी 'कृपया'पासून सगळं पुसलं. दुपारपर्यंत तिथे नवं वाक्य आलं. स्पीकर म्हणाला, "शालू, पाणी आण गं."

शाल्मली हसतच उठली.

पाणी पिऊन आईने आणखी एक कमांड लिहायला घेतली. शाल्मली मध्येच शब्द सुचवू लागली, तसे आईने डोळे वटारले. मग ती शेजारी बसून लॅपटॉपवर आपलं ऑफिसचं काम करू लागली. संध्याकाळी कमांड पूर्ण झाली.

"पुरे तुझं काम," स्पीकर म्हणाला. "जरा माझ्याजवळ बस."

शाल्मलीने लॅपटॉप मिटला आणि ती आईच्या कुशीत शिरली.