ढिम्माबाई

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर स्वयंसेवक मार्गदर्शक वीस जणांना एका डबक्यातली लठ्ठ, जागची न हलणारी समुद्रकाकडी, काकडीच्या आकाराचा एक मऊ जीव, दाखवत होता. "स्थानिक लोक हिला ढिम्माबाई म्हणतात. हे नाव मिळवायला मला वर्षभर फिरावं लागलं." सगळ्यांनी लगबगीनं लिहून घेतलं.

मागे उभ्या कालवं विकणाऱ्या म्हातारीनं नाक मुरडलं. वर्षभर कसलं, एका सकाळी तिच्याच दारात उभ्याउभ्या त्यानं सगळी नावं विचारून घेतली होती. आज चारचौघांत तो आपला उल्लेख करील म्हणून ती आली होती. त्यानं ओळखसुद्धा दाखवली नाही.

"आजी, तुम्हीपण हेच म्हणता?" एकीनं विचारलं.

"हो तर. मी आणि माझी जाऊ. पण सासूला, तेही तिची पाठ वळल्यावर."